मूकपट खरोखरच मूक होता का?

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• मूकपटाच्या काळातील चित्रगृहाचे वर्णन करू शकाल;
• मूकपटाचा वेग, प्रकाश व आवाज यांविषयीचे प्रचलित गैरसमज सांगू शकाल;
• लिहिता-वाचता न येणारा प्रेक्षक मूकपट कसा समजून घेत असे, हे स्पष्ट करू शकाल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या मूकपटाचा एखादा तुकडा तुम्ही दूरदर्शनवर किंवा मोबाईलवर पाहिला असेल. त्यातील माणसे झटके दिल्यासारखी भरभर चालतात, चित्र पुसट असते आणि आवाज मुळीच नसतो. ते पाहून आपल्याला हसू येते. असला खेळ पाहण्यासाठी आपले पणजोबा पैसे मोजून का जात असतील, असा प्रश्नही मनात येतो. परंतु त्यांनी पाहिलेला खेळ असा नव्हताच. तो कसा दिसत होता आणि कसा ऐकू येत होता, याचा शोध या पाठात घ्यावयाचा आहे.

१. चित्र पाहण्याची आणि ऐकण्याची जुनी सवय

चित्र दाखवून कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरीत आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगत. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवण्यास सुरुवात केली. या खेळाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले होते. त्यातही निवेदन आणि संगीत यांची जोड असे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. सहा छोट्या चित्रफितींच्या या खेळाचा दर एक रुपया होता. पुढे तोच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेला. तिथे चार आण्यांपासून तिकिटे होती आणि चित्रांना साजेशा संगीताची सोय केल्याचे जाहीर करण्यात आले होते. म्हणजे भारतात चित्रपट आला त्याच महिन्यात संगीत त्याच्या सोबतीला आले. चित्रपट पाहायला आलेला मराठी प्रेक्षक कीर्तन ऐकलेला, चित्रकथी पाहिलेला, संगीत नाटकांचा शौकीन होता. कथा डोळ्यांइतकीच कानांनीही घ्यायची, ही त्याची जुनी सवय होती.

२. यंत्राचा वेग आणि एक साधे गणित

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात जनतेसाठी प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट, म्हणजे चार रिळांची होती. अनेक ठिकाणी हा चित्रपट चाळीस मिनिटांचा असल्याचे लिहिलेले आढळते. हा आकडा थोडा तपासून पाहू.

चित्रपटाच्या प्रचलित फितीवर एका फुटात १६ चित्रे असतात. म्हणून ३७०० फुटांत ३७०० × १६ = ५९,२०० चित्रे बसतात. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे हा वेग ठरून गेला. त्या वेगाने ५९,२०० चित्रे सुमारे ४१ मिनिटांत संपतात. पण मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे घेण्याचा प्रघात होता. त्याच वेगाने दाखवल्यास हा चित्रपट एक तासाहून थोडा अधिक चालतो. तासाभराची कथा एकेचाळीस मिनिटांत उरकली, तर तारामतीचे दुःख दुःख न वाटता धावपळ वाटणारच. दोष चित्रपटाचा नसून आपण लावलेल्या वेगाचा आहे.

फाळके यांच्या एका जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचा चित्रपट अवघ्या तीन आण्यांत पाहा, असे आवाहन होते. छायाचित्रांचा आकडा आपल्या गणिताच्या जवळ येतो. दोन मैल मात्र १०,५६० फूट होतात, त्यामुळे ती लांबी फुगवलेली दिसते. जाहिरात ती जाहिरातच!

दाखवण्याचे यंत्रही बहुधा हातानेच चालवले जाई. कुशल यंत्रचालक प्रसंग पाहून हात सावरीत असे. पाठलागाच्या वेळी तो हँडल थोडे जोरात फिरवी, शोकाच्या प्रसंगी सावकाश. एकच चित्रपट दोन गावांत, किंबहुना एकाच गावातील दोन खेळांत, थोडा वेगळा दिसू शकत असे. हजार फुटांचे एक रीळ सुमारे सोळा मिनिटांत संपे. जिथे एकच यंत्र होते तिथे दुसरे रीळ चढवीपर्यंत खेळ थांबे. चार रिळांच्या चित्रपटात अशा तीन विश्रांती येत आणि त्या वेळात प्रेक्षक झालेल्या कथेची चर्चा करीत.

३. पडद्यावरचे रूप

आज दिसणारा पुसटपणा हा पुष्कळदा प्रतीवरून प्रत काढल्यामुळे आणि फीत झिजल्यामुळे आलेला असतो. नवी प्रत चांगल्या प्रकाशात स्वच्छ व रेखीव दिसत असे. परंतु त्या काळच्या फितीचा एक स्वभाव होता. तिला निळा रंग फिकट आणि लाल रंग काळा दिसे. स्वच्छ निळे आकाश पडद्यावर पांढरे दिसे. कपाळावरचे लाल कुंकू काळे दिसे. म्हणून नटांना रंगभूषा करताना फितीला काय दिसेल याचा विचार करावा लागे.

मूकपट सर्वस्वी काळेपांढरे असत, हीही अपुरी समजूत आहे. रात्रीच्या दृश्याची फीत निळ्या रंगात, आगीच्या दृश्याची तांबड्या रंगात बुडवून काढण्याची पद्धत जगभर होती. पुढील काळात साध्या फितीवर प्रती काढताना हे रंग अनेकदा नाहीसे झाले.

पडद्यावरच्या या रूपाचा प्रेक्षकांवर विलक्षण परिणाम होई. फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगितले जाते. ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटात फाळके यांनी आपली कन्या मंदाकिनी हिला बाळकृष्णाची भूमिका दिली. चित्रपटाच्या प्रारंभी तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवून मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात येते. ही एक मुलगी आहे, अभिनय करीत आहे, हे फाळके यांनी प्रेक्षकांपासून लपवले नाही. प्रेक्षक ते जाणत होते आणि तरीही भक्तिभावाने पाहत होते. त्यांना केवळ भोळे म्हणून मोकळे होणे योग्य नाही.

४. चित्रगृहातला आवाज

पडद्याजवळ पेटी व तबला घेऊन वादक बसत. मोठ्या शहरांतील काही चित्रगृहांत व्हायोलिन, पियानो आणि छोटा वाद्यवृंदही असे. युद्धाच्या प्रसंगी तबलजी हात जोरात चालवी. विरहाच्या प्रसंगी पेटीवर करुण सूर निघत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पहिल्या खेळांसोबत तर नृत्य, विनोदी नकला आणि कसरती असा भरगच्च कार्यक्रम होता. प्रेक्षकही गप्प नसत. खलनायकाला शिव्या, नायकाला शाबासकी, देवाला जयजयकार, असा त्यांचा सहभाग सतत चाले.

या आवाजांत सर्वांत महत्त्वाचा आवाज वाचणाऱ्याचा होता. मूकपटात दृश्यांच्या मधूनमधून मजकुराची पाटी येई. पात्रांचे बोलणे किंवा प्रसंगाची माहिती तिच्यावर लिहिलेली असे. फाळके यांच्या चित्रपटांत हा मजकूर इंग्रजी व हिंदीत आढळतो. पुढे एकाच पाटीवर तीन-चार भाषाही येऊ लागल्या. परंतु १९११ च्या जनगणनेनुसार देशात शंभरांपैकी जेमतेम सहा लोक साक्षर होते. १९३१ मध्येही हे प्रमाण शेकडा दहापर्यंत पोहोचले नव्हते. मग पाटीचा उपयोग कोणाला?

याचे उत्तर चित्रगृहानेच शोधून काढले. अनेक ठिकाणी पाटी मोठ्याने वाचणारा आणि कथा समजावून सांगणारा माणूस पडद्याजवळ उभा राहत असे. जपानमध्ये अशा निवेदकाला ‘बेन्शी’ म्हणत आणि तेथील लोकप्रिय बेन्शींच्या नावावर गर्दी होत असे. जिथे नेमलेला माणूस नसे तिथे प्रेक्षकांतलाच कोणी साक्षर शेजाऱ्यांसाठी वाची. एकाला वाचता आले, की आसपासच्या दहा जणांना कथा कळे. शिवाय फाळके यांनी निवडलेल्या हरिश्चंद्र, सावित्री, राम, कृष्ण यांच्या कथा लोकांना कीर्तनातून पाठ होत्या. अक्षर न येणारा प्रेक्षक कथेत मात्र पुरेपूर जाणकार होता. वाचणाऱ्याने काही चुकीचे सांगितले तर तोच त्याला दुरुस्त करू शकत असे.

५. मुंबईची रिळे आणि जबलपूरचा बाजार

मूकपटाला भाषेची सीमा नव्हती, याचा अर्थ एका उदाहरणाने समजून घेऊ. १८७० मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून येणारे लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले आणि मुंबई–कलकत्ता हा रेल्वेप्रवास शक्य झाला. चित्रपटाची रिळे डब्यांत घालून अशाच मार्गांनी गावोगाव नेता येत. जबलपूरमध्ये हिंदी व बुंदेली बोलणाऱ्यांसोबत मराठी कुटुंबेही पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. तेथील बडा फुहारा या जुन्या बाजारपेठेत निरनिराळी बोली बोलणारी माणसे एकाच दुकानासमोर उभी असतात. अशा वस्तीतल्या प्रेक्षकांसाठी मुंबईत तयार झालेल्या मूकपटाची एक ओळही बदलावी लागत नसे. बदलायचा तो फक्त वाचणाऱ्याचा आवाज. तेच रीळ मुंबईत मराठीतून समजावले जाई, जबलपुरात ते हिंदीतून समजावता येई. प्रेक्षकाला तो चित्रपट आपल्याच भाषेतला वाटे.

६. बोलपट आला, काय गेले?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. त्याची कथाही हरिश्चंद्राचीच होती. फाळके यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटात नंतर आवाज भरावा लागला. बोलपटाने प्रेक्षकांना गाणी दिली, संवाद दिले. पण चित्रपट आता एका भाषेचा झाला. पेटीवाला, तबलजी आणि पाटी वाचणारा यांचे काम संपले. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत.

भारतात सुमारे १३०० मूकपट निर्माण झाले, असे मानले जाते. त्यांतले फारच थोडे आज शिल्लक आहेत. ती फीत चटकन पेट घेणारी होती. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठीही जुन्या फिती नष्ट केल्या गेल्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत बरेच नुकसान होऊन गेले होते. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उपलब्ध आहेत. आणि जे वाचले, तेही अर्धेच वाचले आहे; कारण डब्यात फीत राहते, चित्रगृहातला आवाज राहत नाही. म्हणून मूकपट पाहताना योग्य वेग, वाद्यांची साथ आणि वाचणाऱ्याचा आवाज यांची उणीव आपण मनाशी भरून काढली पाहिजे. तसे केले तर पणजोबांनी पाहिलेला खेळ थोडाफार आपल्याही डोळ्यांसमोर येईल.

शब्दार्थ
प्रघात – रूढ पद्धत
रंगभूषा – नटाच्या चेहऱ्याची रंगसजावट
निवेदक – कथा सांगणारा, माहिती देणारा
उणीव – कमतरता

पाठान्त प्रश्न
१. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट चाळीस मिनिटांचा असल्याचे का सांगितले जाते? पाठातील गणिताच्या आधारे उत्तर लिहा.
२. चित्रकथी आणि मूकपटाचा निवेदक यांच्यातील साम्य तीन-चार वाक्यांत सांगा.
३. ‘अक्षर न येणारा प्रेक्षक कथेत मात्र पुरेपूर जाणकार होता’ या विधानाचा अर्थ तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. बोलपटामुळे काय मिळाले आणि काय गमावले, याविषयी तुमचे मत दहा ओळींत लिहा.

उपक्रम
घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीला या पाठाचा चौथा भाग मोठ्याने वाचून दाखवा. तिने लहानपणी ऐकलेल्या कीर्तनाची किंवा पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाची आठवण विचारा आणि ती तिच्याच शब्दांत वहीत उतरवा.