विजेच्या एका युनिटाचा हिशेब

घराबाहेर पडताना दिवा मालवावा, ही शिकवण आपणांस लहानपणापासून मिळते. ती योग्यच आहे. परंतु पुष्कळदा असे दिसते की, जो गृहस्थ आठवणीने दिवा मालवितो, त्याच्याच न्हाणीघरात तापलेले पाणी बादली भरून वाहत असते. आणि महिन्याचे बिल आले म्हणजे दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला बोल लावला जातो. याचे कारण उघड आहे. दिवा डोळ्यांना दिसतो, उष्णता दिसत नाही. न दिसणारी ऊर्जा कोठे खर्च होते हे कळण्यास हिशेब करावा लागतो. तो कसा करावयाचा, हे या पाठात पाहू.

१. युनिट म्हणजे काय?

एखादे उपकरण किती वेगाने ऊर्जा वापरते, हे वॅट या मापात सांगतात. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक किलोवॅट-तास ऊर्जा खर्च होते. मीटरवरील एक युनिट ते हेच. ज्यूल या मापात ते ३६ लक्ष ज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेने, वाटेत काहीही वाया न गेल्यास, एक टन वजन सुमारे ३६७ मीटर उंच उचलता येईल. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. तसे पाच मिनार एकावर एक उभे केल्यास जेवढी उंची होईल, जवळजवळ तेवढी ही उंची आहे. तेव्हा युनिट ही क्षुल्लक वस्तू नव्हे.

आता हे एक युनिट किती वेळ पुरते ते पाहा. ९ वॅटचा एलईडी दिवा त्यावर १११ तास जळतो. जुना ६० वॅटचा तारेचा दिवा १६ तास ४० मिनिटे. ७५ वॅटचा छताचा पंखा १३ तास २० मिनिटे. १,००० वॅटची इस्त्री एक तास. आणि २,००० वॅटचा गीझर अवघा अर्धा तास.

२. एका बादलीची किंमत

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवावयाची असल्यास २१ लक्ष ज्यूल, म्हणजे सुमारे ०.५८ युनिट हवे. तेवढ्याच विजेवर आपला एलईडी दिवा ६४ तास जळेल. रोज पाच तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास तो बारा दिवसांहून अधिक पुरेल! अर्धी बादली ऊन पाणी वाचविणे हे त्या मुलाचा दिवा सहा दिवस मालविण्यासारखे आहे. बचत कोठून सुरू करावी, हे आता निराळे सांगावयास नको.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०२३-२४ या वर्षी भारतात निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून मिळाली. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात आणि वाफेवर चक्र फिरवून वीज निर्माण करतात. या खटाटोपात कोळशाच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेच्या रूपाने हाती येतो. उरलेली उष्णता थंड करण्याच्या पाण्यात आणि धुराड्यात जाते. तारांमधून घरी पोहोचेपर्यंत आणखी काही वीज नष्ट होते. म्हणून घरी एक युनिट वाचले, म्हणजे केंद्रावर तीन युनिटांहून अधिक उष्णतेचा कोळसा वाचतो. उष्णतेपासून वीज करावयाची आणि त्या विजेपासून पुन्हा पाणी तापवावयाचे, हा द्राविडी प्राणायाम होय. आपल्या देशात सूर्य बहुतेक दिवस ही उष्णता छपरावर विनामूल्य आणून देतो; ज्यांना शक्य असेल त्यांनी सौर जलतापक बसवावा.

३. स्वयंपाकघरातील नियम

पाणी १०० अंशांवर उकळू लागले की, उघड्या भांड्यात आच कितीही वाढविली तरी तापमान चढत नाही. केवळ वाफ अधिक होते. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसातपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. म्हणून उकळी येताच आच मंद करावी, झाकण ठेवावे आणि डाळ आधी भिजत घालावी. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्याने पाण्याचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते व अन्न लवकर शिजते.

४. कामाच्या जागी

कारखान्यात विजेचा मोठा भाग मोटरी खातात. हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला, तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के लागते. पंखा पूर्ण वेगाने चालवून पुढे झडप अर्धवट लावणे म्हणजे गाडी भरधाव सोडून तिचा ब्रेक दाबून धरणे होय. दाबाखालील हवेच्या नळ्याही तपासाव्यात. मधल्या सुट्टीत यंत्रे थांबली असता ‘सूंऽ’ असा आवाज कोठून येतो ते ऐकावे. तेथे रात्रंदिवस पैसा गळत असतो.

कार्यालयात वातानुकूलन यंत्राचा खर्च मुख्य असतो. तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज आहे. म्हणूनच तारांकित खोली-वातानुकूलकांचे प्रारंभिक तापमान २४ अंश असावे, असा नियम २०२० च्या जानेवारीपासून लागू झाला. खोलीत २४ अंश ठेवून पंखा लावला तरी अंगास पुरेसा गारवा मिळतो.

५. देशाचा प्रयत्न आणि आपला वाटा

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला व २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. उपकरणांवरील तारांची चिठ्ठी २००६ साली आली. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. तरीही चिठ्ठी वाचणे, नळ बंद करणे आणि झाकण ठेवणे ही कामे कोणताही अधिनियम आपल्यासाठी करू शकत नाही.

बचत म्हणजे अंधारात बसणे नव्हे. ज्या कामास जेवढी व जशी ऊर्जा हवी, तेवढी व तशी देणे म्हणजे बचत. अभ्यासाचा दिवा जळू द्यावा; वाहणारे ऊन पाणी थांबवावे.

करून पाहा

१. घरातील सर्व उपकरणे बटणापाशी बंद करून मीटर पाहा. तरीही तो पुढे सरकत असल्यास कोणते उपकरण वीज घेत आहे ते शोधा.

२. ७५ वॅटचा पंखा रोज १६ तास चालतो. त्याऐवजी ३० वॅटचा, ‘बीएलडीसी’ नावाने मिळणारा पंखा लावल्यास ३० दिवसांत किती युनिटे वाचतील? (उत्तर : २१.६)

३. आपल्या शाळेतील उपकरणांची यादी करून प्रत्येकाचे वॅट आणि रोजचे तास लिहा. सर्वांत अधिक युनिटे कोण खाते, याविषयी आधी अंदाज बांधा आणि मग हिशेब करा.