झडीतले रोप आणि चार ट्यूबांचा उजेड

पोळा ते घटस्थापना हा बरोबर एक महिना. कोबी, फुलकोबी, टमाटर, वांगी यांचे रोप लावणीला यायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणून पोळ्याच्या मागेपुढे बी पडते, आणि नेमकी तेव्हाच झड लागते. तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही. रोप उजेड शोधत वर पळते, देठ दोऱ्यासारखा होतो आणि एका सकाळी सगळा वाफा आडवा झालेला दिसतो. कोणी मर लागली म्हणतो, कोणी बियाण्याच्या कंपनीला शिव्या देतो. मर लागतेही, पण पुष्कळदा रोप त्याआधीच उजेडावाचून दुबळे झालेले असते आणि बुरशी फक्त शेवटचा धक्का देते.

मग रोपे घरात आणून दिव्याखाली वाढवावीत का, हा प्रश्न हल्ली चंद्रपूर-गडचिरोलीत बरेच जण विचारतात. मोबाइलवर जांभळ्या दिव्यांच्या जाहिराती दिसतात हे एक कारण. दुसरे कारण जास्त खरे आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या पट्ट्यात वाघामुळे पहाटे नि सांजेला जंगलालगतच्या शेतात जाणे जिवावरचे झाले आहे. गडचिरोलीत २०२१ पासून हत्तींचा कळप फिरतो आहे. रानडुक्कर, चितळ, माकडे तर पिढ्यान्‌पिढ्यांची पाहुणी. वाफा शेतात आणि त्याला रोज दोनदा पाहायचे, हे आता प्रत्येकाला परवडत नाही. रोप डोळ्यांसमोर असावे ही मागणी त्यातून आली आहे.

तरी आधी एक गोष्ट सांगतो. दिवे विकणारा ती सांगणार नाही. भर झडीतही दुपारी मोकळ्या अंगणात दहा-वीस हजार लक्स उजेड असतो. लक्स हे उजेडाचे माप. स्वच्छ उन्हात ते लाखाच्या घरात जाते. कवेलूच्या घरात मात्र खिडकीपासून चार हात आत गेलात की पाचशेसुद्धा भरत नाही. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. रोपाला जुळवून घेता येत नाही. म्हणून ज्यांच्या अंगणात बांबूचा मांडव घालून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणता येते आणि भोवती जाळी लावता येते, त्यांनी दिवा घेऊच नये. पाऊस अडला, उजेड मिळाला, काम झाले. दिवा त्यांच्यासाठी, ज्यांना पडवीत किंवा खोलीतच रोप ठेवावे लागते.

आणि किती रोपांसाठी, तेही आधी मोजा. चार फूट बाय दोन फुटांच्या एका फळीवर ९८ खाचांचे चार प्रो-ट्रे बसतात. म्हणजे ३९२ रोपे. कोबी ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावली तर एका गुंठ्यात पावणेचारशे रोपे लागतात. एक फळी, एक गुंठा. तीन फळ्यांची लोखंडी मांडणी म्हणजे तीन गुंठे, वर थोडी नांगी भरायला. एकरभर कोबीला जवळजवळ पंधरा हजार रोपे लागतील; तेवढ्यासाठी घरात दिवे लावणे हा वेडेपणा आहे, ते काम शेडनेटच्या रोपवाटिकेचे. पण बोडीच्या पाळीवर दोन-तीन गुंठे भाजी करणाऱ्याला, किंवा गावातच रोपे विकणाऱ्या बचत गटाला ही मांडणी पुरते.

आता खरेदी. पहिला जांभळा दिवा मी स्वतःच घेऊन फसलो, म्हणून अधिकाराने सांगतो. खोक्यावर ठळक '१००० वॅट' लिहिले होते. घरातले सगळे बंद करून फक्त तो लावला आणि विजेच्या मीटरपुढे घड्याळ घेऊन बसलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० असा एखादा आकडा छापलेला असतो. एका युनिटला तो तेवढ्यांदा लुकलुकतो. दहा मिनिटांत पन्नास लुकलुकी झाल्या. हिशेब केला तर जेमतेम ९४ वॅट. दिवा वीज कमी खातो म्हणून आनंद मानावा असे नव्हते, कारण उजेडही तेवढ्याच विजेचा मिळत होता आणि पैसे मात्र हजार वॅटचे मोजले होते. ही मीटरची युक्ती कोणत्याही दिव्याला लागू पडते. दुकानात वाद घालण्यापेक्षा घरी दहा मिनिटे मोजावे आणि खोटे निघाले तर परत करावे.

जांभळा रंग वाईट नाही. पान लाल आणि निळा उजेड जास्त घेते हे खरेच. पण हिरवा उजेड झाडाला चालतच नाही, हे जे सांगतात ते अर्धवट ज्ञान. मॅक्री नावाच्या संशोधकाने १९७२ मध्ये अनेक पिकांच्या पानांवर मोजून दाखवले, की हिरव्या उजेडावरही पान बरेच काम करते. शिवाय आपला नेहमीचा पांढरा एलईडी मुळात निळाच असतो; निळ्या दिव्यावर पिवळा लेप चढवून तो पांढरा केलेला असतो. तो निळा दिवा बनवणाऱ्या तिघा जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. रोप बुटके आणि दणकट राहायला निळा भाग लागतो आणि तो साध्या थंड पांढऱ्या ट्यूबमध्ये भरपूर असतो. जांभळ्या उजेडाची खरी अडचण वेगळीच आहे: त्यात पान काळे दिसते. पिवळे पडले, ठिपका आला, मावा बसला, काही कळत नाही. रोप डोळ्यांसमोर ठेवायला घरात आणायचे आणि मग दिसूच नये, याला काय अर्थ?

म्हणून घ्या साधी चार फुटी, २० वॅटची, ६५०० केल्विन लिहिलेली एलईडी ट्यूब, ज्याला दुकानदार बॅटन म्हणतो. खोक्यावर वॅट नव्हे, लुमेन वाचा. लुमेनला वॅटने भागा. शंभर किंवा जास्त आले तर घ्या, नव्वदच्या खाली असेल तर तिथेच ठेवा. लुमेन छापलेलेच नसेल तर प्रश्नच मिटला. बीआयएसची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि रात्री अकरानंतर चढते, तेव्हा १०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालेल असे लिहिलेली ट्यूब घेतली तर ती टिकते. दुकानागणिक दर कमी-जास्त होईल, पण एका फळीच्या ट्यूबा हजार-बाराशेत बसायला हव्यात. फोकस घेऊ नका. पन्नास वॅटच्या फोकसखाली मधला ट्रे भाजल्यासारखा आणि कडेचे ट्रे उपाशी, असे होते.

फळीला खिडकीचा थोडा उजेड असेल तर चार ट्यूबा, कोंदट खोली असेल तर सहा. चार ट्यूबांनी फळीवर सात-आठ हजार लक्स पडतात, सहांनी अकरा हजारांच्या आसपास. रोपाला दिवसाकाठी मिळालेला एकूण उजेड महत्त्वाचा असतो. त्यामुळे उन्हाच्या मानाने कमी असलेला हा उजेड चौदा ते सोळा तास दिला की भागते. ट्यूब पानापासून सहा ते आठ इंचांवर टांगा आणि दोरीला गाठी मारून ठेवा, म्हणजे रोप वाढेल तसे ट्यूब वर सरकवता येईल. एलईडीची आच फार नसते. मागच्या भिंतीला चुन्याचा हात मारला तर वाया जाणारा उजेड परत रोपावर येतो. ही फुकटची ट्यूब समजा. मोबाइलमधले उजेड मोजायचे अॅप अचूक नसते, पण मधला ट्रे आणि कोपऱ्यातला ट्रे यांत किती फरक आहे ते चांगले सांगते. फरक दिसला तर ट्रे रोज एकेक घर सरकवत फिरवा.

आता ज्या एका दिवशी सगळा खेळ ठरतो, त्याबद्दल. बी टाकून, भिजवून ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात. कोंब निघेपर्यंत उजेड लागत नाही. कोबी चौथ्या-पाचव्या दिवशी उगवते, टमाटर पाच ते सात, वांगी सात-आठ दिवसांत, मिरचीला आठ-दहा दिवस. कोबीच्या ट्रेवर तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा. कोकोपीटला बारीक तडा जातो, त्यातून मान वाकवलेला पांढुरका कोंब दिसतो. शंभरात पाच-दहा कोंब दिसले की त्याच तासाला ट्रे उजेडात. 'उद्या सगळे निघाले की मांडू' म्हणालात तर दुसऱ्या दिवशी दोन बोटे उंच पांढरे दोरे मिळतील. ते नंतर हजार दिवे लावले तरी बुटके होत नाहीत. देठ एकदा ताणला की ताणला. तण काढायला माणसे सांगितली असोत की घरी पाहुणे असोत, तो दिवस चुकवू नका. पहिली दोन गोल पाने मातीपासून बोटाच्या पेराएवढ्या उंचीवर उघडली, तर उजेड वेळेत मिळाला असे समजा.

सोळा तासांसाठी टायमर लागतोच असे नाही. पहाटे पाचला उठलेला माणूस दिवा लावतो, रात्री नऊला निजताना बंद करतो. फिरत्या तबकडीचा स्वस्त टायमर लावलात तर लाईन गेली की तोही थांबतो आणि मग दिवा आपल्या मर्जीने मध्यरात्री लागतो. लाईन चार तास गेली म्हणून रोप मरत नाही. पुढचे दोन दिवस तासभर जास्त दिवा ठेवा. मात्र उजेड नसताना पाणी देऊ नका. घरातली ओल, बंद हवा आणि अंधार हे तिन्ही जुळले की मर आलीच. पाणी फक्त सकाळी. बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलेला असावा. टेबल फॅन सगळ्यात मंद करून रोपांवरून दिवसातून दोन-तीन तास फिरवा, किंवा येता-जाता तळहात हळूच शेंड्यांवरून फिरवा. हललेले रोप बुटके आणि जाड देठाचे होते. घरातली लेकरे हे काम आवडीने करतात.

सगळ्याच पिकांना सोळा तास मानवत नाहीत. कांद्याचे रोप लांब दिवसात ठेवले तर वाफ्यातच गाठ धरू लागते. कांदा इथे आणूच नका. पालक आणि सांबार जास्त तास दिले की पाने सोडून फुलाच्या मागे लागतात, त्यांना बारा तास बस. वरोरा-भद्रावतीकडे रस्त्यावरच्या दिव्याखालचे सोयाबीन सगळे शेत पिवळे झाले तरी हिरवेच राहिलेले कोणी पाहिले असेल, तो याच जातीचा प्रकार. तेव्हा पडवीतला दिवा रात्रभर बांधीवर पडणार नाही एवढे पाहा. जुन्या वाणांचे धान त्याने उशिरा निसवू शकते.

विजेचा हिशेब सरळ आहे. चार ट्यूबा सोळा तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिट. वीस दिवसांचे पंचवीस-सव्वीस युनिट. आठ रुपये दर धरला तर दोनशेच्या आसपास, रोपामागे पन्नास पैसे. आपल्या बिलावरचा दर घालून पुन्हा मोजा. सोलर पॅनेल आणि बॅटरी यासाठी घेऊ नका, झडीत तेही उपाशीच असते. जिथे खर्च टाळू नये ती जागा म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच. ओले ट्रे, लोखंडी मांडणी आणि उघडी वायर हे त्रिकूट जीव घेते. ट्रेला पाणी देण्याआधी बटण बंद, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

जंगलाच्या काठचे घर म्हणजे दिव्यावर किडा येणारच. पहिल्याच रात्री ट्यूबभोवती पाखरे, तुडतुडे, भुंगे जमतात. मांडणीला जुनी मच्छरदाणी चारही बाजूंनी बांधा आणि खाली दगड ठेवून ताणा. हे नुसते रोपासाठी नाही. किड्यामागे बेडूक घरात येतो आणि बेडकामागे साप. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, ती अंथरुणापर्यंत येते हे गडचिरोलीत कोणाला सांगायला नको. मांडणी निजायच्या खोलीत नको, सर्वांत खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर हवी, आणि रात्री ट्रेखाली हात घालण्याआधी बॅटरी मारून पाहायचे.

लावणीच्या आठवडाभर आधी रोपाला बाहेरची ओळख करून द्या. पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, मग अर्धा दिवस. पाणीही थोडे तोडा. ट्यूबखालचे पान मऊ असते, एकदम भाद्रपदाच्या उन्हात नेले तर पांढरे पडून करपते. वाण कोणता, कोणत्या आठवड्यात बी टाकावे, यासाठी चंद्रपूरकरांनी सिंदेवाहीच्या आणि गडचिरोलीकरांनी सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे. आजारी रोप असेल तर वर्णन करण्यापेक्षा मातीसकट खाचेतून उपटून पिशवीत घालून न्यावे.

घट बसले, रोपे शेतात गेली की ट्यूबा कोरड्या फडक्याने पुसून दोन गोठ्यात लावा. गाईचे दूध काढताना कामाला येतात. बाकीच्या ट्यूबा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा, आणि वायरची टोके उंदरांपासून सांभाळा.