आधी मोजणी, मग वजन

चि. सोनू,



तू सोडवलेल्या गणितांचे फोटो नीट पाहिले. बहुतेक उत्तरं बरोबर आहेत, तरी एक सवय मला खटकली. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, विचारला की तू दिलेल्या दोन वजनांपैकी कमी वजनाचा पदार्थ उचलतेस. दोनदा ते जमून गेलं, म्हणून सवय पक्की होण्याआधीच लिहिते आहे.

अमोनियाचंच गणित घे. ५६ ग्रॅम नायट्रोजन आणि १४ ग्रॅम हायड्रोजन. तुझ्या पद्धतीनं हायड्रोजन आधी संपायला हवा. पण नायट्रोजनचे मोल झाले २ आणि हायड्रोजनचे ७. नायट्रोजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन लागतात, म्हणजे २ मोलना ६ पुरतात. चौपट वजनाचा नायट्रोजनच आधी संपतो! अमोनिया होतो ४ मोल, म्हणजे ६८ ग्रॅम, आणि हायड्रोजन २ ग्रॅम उरतो. आता बेरीज करून बघ. आधी ५६ आणि १४ मिळून ७०, नंतर ६८ आणि २ मिळून ७०. अभिक्रियेच्या आधी जेवढं द्रव्य तेवढंच नंतर, हे रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिएनं १७८९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट मांडलं, आणि ते त्यानं तराजूच्या जोरावर मांडलं. प्रत्येक गणिताखाली ही बेरीज लिहीत जा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

संतुलित समीकरण ग्रॅमविषयी काहीच सांगत नाही, ते फक्त रेणूंची मोजणी सांगतं. रेणू एकेक करून मोजता येत नाहीत म्हणून आपण वजन करतो, आणि वजनावरून मोजणीकडे जाण्याचा रस्ता म्हणजे मोल. ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारायची सूत्रं क्लासमध्ये पाठ करून घेतात ते मला माहीत आहे. वेळ वाचतो हे खरं, पण नेमकं काय चाललंय ते दिसेनासं होतं. वर्षभर तरी ती सूत्रं बाजूला ठेव.

हे सगळं कागदावरचंच वाटत असेल तर घरातला गॅस बघ. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. हिशेबाच्या सोयीसाठी सगळं ब्यूटेन धरू. ब्यूटेनचे २ रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू होतात. १४.२ किलोच्या सिलिंडरला हे लावून बघ. ऑक्सिजन लागतो जवळजवळ ५१ किलो. कार्बन डायऑक्साइड होतो ४३ किलो आणि पाणी २२ किलो. दोन्हीकडे बेरीज ६५! एवढासा सिलिंडर, आणि त्यातून २२ किलो पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात मिसळतं. मला अजूनही याचं नवल वाटतं.

आता ऑक्सिजन कमी पडला तर? ब्यूटेनचे तेच २ रेणू आणि ऑक्सिजनचे १३ ऐवजी ९. पाण्याचे १० रेणू तसेच होतात, पण कार्बनच्या वाट्याला निम्माच ऑक्सिजन येतो आणि ८ रेणू कार्बन मोनॉक्साइडचे होतात. प्रत्यक्षात दोन्ही अभिक्रिया शेजारी शेजारी चालतात, पण हवा जितकी अपुरी तितका मोनॉक्साइडचा वाटा वाढतो. एक लिटर ब्यूटेन वायू पूर्ण जळायला सुमारे ३१ लिटर हवा लागते. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी बंद करून बाथरूममधला गॅस गिझर चालवल्यानं माणसं दगावतात, ती या मोनॉक्साइडमुळेच. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून वास आला नाही की आपण निर्धास्त राहतो. मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. त्या खोलीत लिमिटिंग रिएजंट असतो ऑक्सिजन. हे गणित ज्याला कळलं तो बाथरूमची खिडकी बंद करणार नाही, आणि ते तुला कळावं म्हणून मी इतकं लांबण लावते आहे.

यील्डबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष हाती येणाऱ्या उत्पादनाबद्दल, थोडंच. लिमिटिंग रिएजंट सांगतो ती जास्तीत जास्त मर्यादा असते. प्रत्यक्षात हाती कमी येतं. अमोनियाच्या कारखान्यात वायू एका फेरीत साधारण १५ टक्केच रूपांतरित होतात. अमोनिया थंड करून वेगळा काढतात आणि उरलेले वायू पुन्हा भट्टीत फिरवतात. तेव्हा टक्केवारी कमी आली की गणित चुकलं असं समजू नकोस. शंभराच्या वर गेली तर मात्र आधी मोल तपास.

रविवारपर्यंत एवढं कर. सिलिंडरचं तेच गणित सगळं प्रोपेन धरून मांड. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे ५ लागतात. ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, पाणी किती, आणि खाली दोन्ही बाजूंची बेरीज. फोटो मला पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी