भिजलेली फेल्टची टोपी

खामगाव हे कापसाचे गाव; १८७० मध्ये जलंबहून तेथे लोहमार्ग आला तो कापसासाठीच. सुती टोपी भिजली वा मळली तर धुवून, खळ देऊन इस्त्री करता येते. आजोबांनी जपलेल्या काळ्या फेल्टच्या टोपीला हा न्याय लागू नाही. ती लवकर वाळावी म्हणून नातू मोठ्या मायेने ती चुलीशी नेतो, आणि तेथेच घात होतो.

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल व दाब मिळाला म्हणजे तंतू एकमेकांत अडकून त्यांचा घट्ट थर बनतो. ओली टोपी आचेजवळ ठेविली असता हीच क्रिया पुढे चालू होते. टोपी आटते व डोक्यावर बसेनाशी होते.

म्हणून टोपी पिळू नये. मऊ धोतराच्या फडक्याने दाबून पाणी टिपावे. आतील चामडी पट्टी बाहेर उलटावी, कारण ती उशिरा सुकते. आत कोरा कागद भरून (छापील कागदाची शाई अस्तरास लागते) टोपी सावलीत वाऱ्यावर ठेवावी. खुंटीवर अडकविल्यास खुंटीचे टोक उमटते. वऱ्हाडची काळी माती ओली असताना पुसू नये. सुकल्यावर मऊ ब्रशाने एकाच दिशेने झाडावी.

शिक्षकांनी लोकरीचा व धुतलेल्या सुती कापडाचा सारख्या मापाचा तुकडा साबणाच्या ऊन पाण्यात मुलांकडून चोळवून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पुन्हा मोजवून घ्यावेत.