पूर्वजांच्या जहाजाचा शोध

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे मूळची मराठी असलेली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ही कुटुंबे इतक्या दूर कशी गेली बरे?

इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा इ. स. १८३३ मध्ये झाला. त्यामुळे उसाच्या मळेवाल्यांना मजुरांची उणीव भासू लागली. त्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' हे जहाज छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले. त्यानंतर कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे तेथे गेली. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरी, सातारा यांसारख्या जिल्ह्यांतील मराठी माणसे होती.

राजांची चरित्रे लिहिली जातात. मजुराचे चरित्र कोण लिहिणार? परंतु या मजुरांची नावे नष्ट झाली नाहीत. उतरलेल्या प्रत्येकास एक क्रमांक मिळे. नोंदवहीत त्याचे नाव, पित्याचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा आणि जहाज यांची नोंद होई. पुढे काहींची छायाचित्रेही घेतली गेली. या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. तेथेच या स्थलांतराचे संग्रहालयही आहे.

शोध घेणाऱ्याने प्रथम घरातील वृद्धांना विचारावे आणि जुनी कागदपत्रे पाहावी. पूर्वजाचा क्रमांक मिळाला, तर काम पुष्कळ सोपे होते. मग नोंदवहीत जहाजाचे नाव व आगमनाची तारीख सापडते. नंतर 'लॉइड्स रजिस्टर' या ग्रंथात ते जहाज कोठे बांधले, ते किती टनांचे होते व त्याचा कप्तान कोण, हे पाहता येते.

मात्र घाई करू नये. कारकून ऐकलेले नाव आपल्या कानाप्रमाणे इंग्रजीत लिहीत. म्हणून एकच नाव निरनिराळ्या रूपांत आढळते. एका नावाची अनेक माणसे असत, तशीच एका नावाची अनेक जहाजेही असत. जहाज मुंबईहून सुटले, म्हणून पूर्वज मुंबईचाच, असेही समजू नये. वर्ष, पित्याचे नाव आणि गाव हे सारे जुळले, तरच ती नोंद आपली मानावी.

पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' इ. स. २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या चढून गेलेल्या सामान्य माणसांची ओळख त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आज एका ओळीच्या नोंदीवरून पटते. म्हणून जुन्या कागदास रद्दी समजून फेकून देऊ नये.

स्वाध्याय
१. मळेवाल्यांना मजुरांची उणीव का भासू लागली?
२. नोंदवहीत कोणकोणती माहिती असे?
३. केवळ नाव जुळले म्हणून नोंद आपली का मानू नये?
४. तुमच्या घरातील वृद्धांना विचारून आपल्या घराण्याच्या मूळ गावाविषयी दहा ओळी लिहा.