आधी द्रव, मग पंप

पंपाच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा पाहिजे?" विहिरीसाठी, बोअरसाठी, शेततळ्यासाठी तो ठीक आहे, कारण पाणी कुठंही गेलं तरी पाणीच. केमिकलसाठी मात्र हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आपल्याकडे तो पहिला येतो, पुष्कळदा एकटाच येतो, आणि त्यापायी माणसं भाजतात. म्हणून हे लिहितो आहे.

पारोळा, अमळनेर, धुळे हा सगळा पट्टा कापसाचा. कापसामागे जिनिंग आलं, सरकी आली, सरकीचं तेल आलं आणि तेलामागे केमिकल आलं. अमळनेरला १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तेल शुद्ध करण्याचा धंदा या भागाला इतका जुना आहे. सरकीचं कच्चं तेल काळपट तांबडं असतं. त्यातलं गॉसिपॉल आणि मोकळी फॅटी ॲसिडं काढायला कॉस्टिक लाय लागते. त्यातून साबणासारखा जो गाळ निघतो, त्याला सोपस्टॉक म्हणतात. त्यात सल्फ्युरिक ॲसिड सोडून वाफेवर उकळलं की ॲसिड ऑइल वर तरंगतं, ते साबणवाले नेतात. तळाशी उरतं ते गरम, आम्लाचं पाणी. म्हणजे छोट्यातल्या छोट्या रिफायनरीतही तीव्र ॲसिड, कॉस्टिक आणि ॲसिडचं पाणी असे तीन द्रव फिरत असतात, आणि एकाला चालणारा पंप दुसऱ्याला चालेलच असं नाही.

अशाच एका रिफायनरीत मी मेन्टेनन्स पाहत होतो. टँकरमधून ९८ टक्के सल्फ्युरिक उतरवायला तिथं बिडाचा एक जुना पंप होता. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. एका हंगामात ॲसिडच्या पाण्याचा पंप बसला. नवा यायला वेळ होता आणि काम अडलेलं होतं. शेठनी दुकानदाराला फोन लावला. तिकडून एचपी विचारला गेला, तो जुळत होता. "ॲसिडचाच पंप आहे ना, मग लावा तिकडे," असं ठरलं आणि टँकरचा पंप सोपस्टॉकच्या टाकीखाली बसला.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग ग्लँडमधून गळती वाढली. दोरी बदलली, ग्लँड आवळली, तरी थेंब थांबेना. एका सकाळी केसिंगच्या पोटाला, ड्रेन प्लगच्या शेजारी, टाचणीएवढं भोक पडलं आणि गरम पाण्याची बारीक धार थेट हेल्परच्या हातावर गेली. "भाऊ, हात जळना!" एवढंच तो ओरडला. जवळच्या नळाखाली त्याचा हात धरून ठेवला, दवाखान्याची गाडी येईपर्यंत पाणी बंद केलं नाही. हात वाचला, डाग राहिला. नंतर पंप खोलला तेव्हा इंपेलरच्या पात्या पानासारख्या पातळ झालेल्या होत्या आणि केसिंग आतून पोखरून गेलं होतं.

असं का झालं, हे पारोळ्याच्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असायला हवं. थंड आणि तीव्र सल्फ्युरिक लोखंडाला लागलं की लोखंडावर आयर्न सल्फेटचा पातळ थर बसतो. तो थर पुढची झीज रोखतो, म्हणून ९८ टक्क्यांचं ॲसिड साध्या लोखंडी टाकीतही साठवता येतं. त्याच ॲसिडात पाणी मिसळलं की तो थर विरघळून जातो आणि लोखंड उघडं पडतं. ॲसिड ते खायला लागतं, आणि खाताना हायड्रोजन वायू सुटतो. म्हणजे ॲसिड पातळ केलं की ते सौम्य झालं, ही समजूत लोखंडाच्या बाबतीत पार उलटी ठरते. तीव्र ॲसिडच्या पंपातही धार फार वेगानं गेली की तो थर धुऊन निघतो, म्हणून तिथं पाइप मोठा आणि वेग कमी ठेवतात.

हायड्रोजनकडे कुणी लक्ष देत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ॲसिडनं भरलेला लोखंडी पंप तसाच ठेवला, तर आत वायूचा दाब साचतो. अशा पंपावर, पाइपवर किंवा रिकाम्या दिसणाऱ्या टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पडली तर स्फोट होतो. आधी भरपूर पाण्यानं धुणं, मग हवा खेळवणं, वायू नसल्याची खात्री करणं, आणि त्यानंतरच ग्राइंडर किंवा वेल्डिंग. यात घाई करणाऱ्या शेठला तोंडावर नाही म्हणायची हिंमत मिस्त्रीनं ठेवावी.

तेव्हा दुकानदाराला फोन करण्याआधी कागद घ्या. द्रवाचं नुसतं नाव लिहून भागत नाही, त्याची टक्केवारी लिहा, आणि तीही कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती अशी. टाकी धुताना त्याच पंपातून पाणी जाणार असेल तर तेही लिहा. तापमान लिहा, गाळ असेल तर गाळ लिहा. मग घनता. सल्फ्युरिक ९८ टक्क्यांना पाण्याच्या १.८४ पट जड असतं. पंप ते तितक्याच मीटर उंचीवर चढवेल, पण मोटरला ताकद १.८४ पट लागेल. पाण्याच्या हिशेबानं ३ एचपी पुरत असेल तर इथं साडेपाच लागतात, वर थोडी सूट वेगळी. मोटर सारखी ट्रिप होते म्हणून ओव्हरलोडची सेटिंग वाढवत नेणारे मी पाहिले आहेत, त्यानं मोटर जळते. टँकर वरून खेचून रिकामा करायचा असेल तर आणखी एक अडचण आहे. हवेचा दाब पाण्याला सुमारे १० मीटर उचलून धरतो, या ॲसिडला जेमतेम साडेपाच. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळतं. पंप टाकीच्या पातळीखाली बसवा, सक्शन आखूड आणि जाड ठेवा, निम्मी दुखणी तिथंच संपतात.

आता पंपाच्या अंगाचं. "एसएस ३१६ घ्या, काही होत नाही," हा सल्ला सर्रास मिळतो. कॉस्टिकला, फार गरम नसेल तर, तो योग्य आहे. पण हायड्रोक्लोरिक ॲसिड एसएसला सोडत नाही, सोडियम हायपोक्लोराइट त्याला भोकं पाडतं, आणि मधल्या टक्केवारीचं सल्फ्युरिकही ते खातं. तिथं प्लॅस्टिकचे पंप लागतात. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, स्वस्त आहे आणि हायड्रोक्लोरिकला, पातळ सल्फ्युरिकला, कॉस्टिकला छान चालतं. पण ९८ टक्के सल्फ्युरिक त्याला जाळतं आणि ८० अंशांच्या पुढं ते मऊ पडतं. सोपस्टॉकखालचं पाणी उकळत्या टाकीतून थेट पीपीच्या पंपात घेऊ नका. ते निवू द्या, नाहीतर टेफ्लॉनच्या अस्तराचा पंप घ्या. पीव्हीडीएफ महाग आहे, ॲसिडला उत्तम आहे, पण तीव्र कॉस्टिकनं त्याला तडे जातात. महाग ते सगळ्याला चालतं असं धरून चालणाऱ्याची इथं फसगत होते.

ओ-रिंगचंही तेच, आणि ती इतकी लहान की बिलावर तिचं नावसुद्धा नसतं. व्हायटॉन तीव्र सल्फ्युरिकला टिकतं आणि कॉस्टिकमध्ये खराब होतं. ईपीडीएम कॉस्टिकला टिकतं, पण तीव्र सल्फ्युरिकमध्ये आणि तेलात टिकत नाही. आपल्या रिफायनरीत कॉस्टिकच्या लाइनला तेल लागण्याची शक्यता असतेच, म्हणून मी तिथं टेफ्लॉनचाच आग्रह धरतो. कॉस्टिकच्या वाटेवर ॲल्युमिनियमचा एक तुकडाही नको, तिथंही हायड्रोजन सुटतो.

खान्देशच्या हवेचं पंपाच्या कॅटलॉगमध्ये काही लिहिलेलं नसतं. ५० टक्क्यांची कॉस्टिक लाय साधारण १२ अंशांना गोठायला लागते, आणि त्याच्या बरीच आधी ती घट्ट होते. धुळ्याकडे जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या खाली जातो. सकाळच्या पाळीला पंप सुरू केला की मोटर गुरगुरते आणि ट्रिप होते. सगळे मोटर तपासतात, पाइपात मात्र लाय गोठलेली असते. पाइपाला उष्णतेची पट्टी आणि वर वेष्टण, किंवा प्रक्रियेला चालत असेल तर लायच पातळ करून साठवणं, हे त्यावरचे उपाय. मे महिन्यात उलटं. ४५ अंशांत ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक धुरासारखं उठतं, सक्शनमध्ये वाफ धरते, पंप रिकामा फिरतो. ती टाकी आणि पंप सावलीत पाहिजेत.

रिकामं फिरणं चुंबकी पंपाला सगळ्यात घातक. या पंपात शाफ्ट बाहेर येत नाही, त्यामुळं ग्लँड नाही, सील नाही, गळतीही नाही. ॲसिडजवळ माणूस उभा राहणार असेल तर माझी पसंती यालाच. पण आतल्या बुशला वंगण त्या द्रवाचंच असतं. द्रव संपला की बुश तडकतो, कधी कधी काही मिनिटांतच. म्हणून अंडरलोड रिले बसवल्याशिवाय चुंबकी पंप घेऊ नये, रिलेचा खर्च बुशच्या सेटपुढं किरकोळ आहे. गाळही त्याला चालत नाही. सोपस्टॉकसारख्या चिकट मालाला हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप बरा, तो रिकामा फिरला तरी लगेच बिघडत नाही. त्याचा डायफ्रॅम फाटतो, म्हणून एक सुटा डायफ्रॅम कपाटात असू द्यावा.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांसाठी एवढंच, की ठिबकच्या नळ्यांत ॲसिड सोडायला फवारणीचा एचटीपी पंप वापरू नका, त्यातली पितळ ॲसिडनं जाते. व्हेंचुरीत फिरणारा भागच नसतो, ती वापरा. आणि पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

पंप कुठलाही घ्या, त्याच्या फ्लँजवर आणि ग्लँडवर फवारा अडवणारी टोपी बसवा. तोंडाला ढाल, हातात ॲसिडचे मोजे आणि जवळच नळ असल्याशिवाय कुणाला पंप खोलू देऊ नका. भाजलं तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, हळद-तूप-टूथपेस्ट काहीही नको.

नवा पंप आला की तो आधी पाण्यावर चालवून पाहतात, गळती कळते म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण ९८ टक्के सल्फ्युरिकचा पंप असेल तर त्यानंतर ड्रेन प्लग काढा, केसिंगमधलं पाणी पूर्ण सांडू द्या, कोरडी हवा मारा, सक्शन पाइपचा खोलगट भाग तपासा. तिथं उरलेल्या वाटीभर पाण्यावर तीव्र ॲसिड आलं की ते तिथल्या तिथं उकळतं आणि सांध्यातून उडतं. प्लग परत बसवण्याआधी बोट नव्हे, कोरडा कागद आत घालून पाहा. कागद ओला निघाला तर आणखी हवा मारा.