निवड झाली, मग पोरगा खेळत का नाही?

प्रश्न : माझा नातू मिशिगनमध्ये वाढलाय. डेट्रॉईट रेड विंग्ज या आइस हॉकी संघाचा तो कट्टर चाहता. पण मुख्य संघापेक्षा ग्रँड रॅपिड्स आणि टोलेडो इथल्या छोट्या संघांचे निकाल तो जास्त आवडीने बघतो. ‘आमचा गोली तिथे तयार होतोय,’ म्हणतो. ज्या मुलाला संघाने वाजतगाजत निवडलं, त्याला दोन-दोन, तीन-तीन वर्षं संघात का घेत नाहीत? आणि अशा मुलांचा माग काढण्यात एवढं काय आहे?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, तुमच्या नातवाला या खेळाची खरी गोम कळलेली दिसते. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ३२ संघ आहेत. दर उन्हाळ्यात ते सात फेऱ्यांत दोनशेहून जास्त तरुण खेळाडू निवडतात. बहुतेक मुलं अठराच्या आसपासची. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. ड्राफ्टने संघाला फक्त त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो. संघातली जागा ही पुढची गोष्ट. संघ एकूण ५० खेळाडूंशी करार करू शकतो, पण मुख्य चमूत मावतात २३. बाकीच्यांनी कुठेतरी खेळत राहायला हवं ना? त्यासाठी खालच्या लीग.

आपल्याकडे मुंबईचा रणजी संघ हा भारतीय संघाच्या ताब्यात नसतो. इथे तसं नाही. १९३६ पासून चालत आलेल्या अमेरिकन हॉकी लीगमध्येही ३२ संघ आहेत आणि त्यांतला प्रत्येक एकेका एनएचएल संघाशी बांधलेला आहे. ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स २००२ पासून डेट्रॉईटशी जोडलेले आहेत. मालक स्थानिक, पण होतकरू खेळाडू आणि प्रशिक्षक डेट्रॉईटने दिलेले. (२०१७ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं ते याच गावात. त्याच्या आदल्याच महिन्यात ग्रिफिन्सनी लीगचा काल्डर कप जिंकला होता.) अमेरिकन लीगच्याही खालची पायरी ईसीएचएल. तिथे डेट्रॉईटचा जोडसंघ म्हणजे टोलेडो वॉलआय. एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के जण आमच्याकडून गेलेले असतात, असं अमेरिकन लीग अभिमानाने सांगते.

आता मुलाला थेट वर का नेत नाहीत? पहिलं कारण शरीराचं. अठरा वर्षांच्या पोराला तिशीतल्या दणकट बचावपटूंच्या धडका सोसायच्या असतात. दुसरं कारण खेळायला मिळण्याचं. वरच्या संघात सामन्याला पाच-सात मिनिटं मिळण्यापेक्षा खाली वीस मिनिटं मिळालेली बरी. अमेरिकन लीगचा नियमही तरुणांच्या बाजूचा आहे: सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटर्सपैकी बहुसंख्य कमी अनुभवाचे असावेच लागतात.

तिसरं कारण कागदावरचं, आणि चाहत्यांचा सगळ्यात जास्त जीव तेच खातं. कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमधून निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत सहसा अमेरिकन लीगमध्ये पाठवता येत नाही, अशी वर्षानुवर्षांची अट. एक तर एनएचएलमध्ये ठेवा, नाहीतर ज्युनियर संघाला परत द्या. युरोपातून आलेल्याला ही अट नाही. शिवाय अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळले, तर त्याच्या पहिल्या कराराचं वर्ष जळत नाही, पुढे सरकतं. म्हणून काही मुलं नऊ सामने खेळून अचानक परत जातात. तिसरी भानगड वेव्हर्सची. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी त्याला बाकीच्या संघांसमोर ठेवावं लागतं आणि कुणीही त्याला उचलू शकतं. नवख्याला मात्र ही पायरी नसते. त्यामुळे शरद ऋतूतल्या सराव शिबिरात चांगला खेळलेला पोरगा खाली जातो आणि त्याच्याहून मंद खेळलेला अनुभवी वर राहतो. यात गुणवत्तेचा निवाडा नसतो, हिशेब असतो.

नातवाला विचारा, तो तुम्हाला ‘सहाव्या क्रमांकाची’ गोष्ट सांगेल. २०१८ ते २०२१ या चार वर्षांत डेट्रॉईटने तीनदा सहाव्या क्रमांकावर खेळाडू निवडला. २०१८ मध्ये फिलिप झादिना. गोल करणारा म्हणून त्याचं नाव गाजत होतं. ग्रँड रॅपिड्स झालं, डेट्रॉईट झालं, पण गोल काही अपेक्षेइतके झाले नाहीत आणि २०२३ च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी सहमतीने करार संपवला. २०१९ मध्ये जर्मनीचा बचावपटू मोरिट्झ सायडर. त्याचं नाव पुकारलं तेव्हा बरेच जाणकार चक्रावले. तो अठराव्या वर्षी ग्रँड रॅपिड्सला आला, पुढचा मोसम स्वीडनमध्ये रोग्लेकडून खेळला आणि २०२१-२२ मध्ये डेट्रॉईटकडून ८२ च्या ८२ सामने खेळून वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. २०२१ मध्ये स्वीडनचा सिमॉन एडविन्सन. त्याचे दोन मोसम बव्हंशी ग्रिफिन्सकडे गेले, मग २०२४-२५ मध्ये तो वर स्थिरावला. क्रमांक तोच, वाटा तीन. ड्राफ्टच्या दिवशी कुणाची कुठली, हे सांगणं भल्याभल्यांना जमलं नसतं.

गोलीची वाट तर सगळ्यात लांब. संघात गोलरक्षक दोनच, आणि त्यांतला बर्फावर एकच. तुमच्या नातवाच्या तोंडी असलेला गोली बहुधा सेबॅस्टियन कोसा असणार. तो २०२१ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला. इतक्या वरच्या क्रमांकाचा मुलगा, पण व्यावसायिक खेळातलं पहिलं वर्ष त्याने मुख्यतः टोलेडोत काढलं, म्हणजे दोन पायऱ्या खाली. बऱ्याच चाहत्यांनी तेव्हाच तोंड वाकडं केलं. पुढच्या वर्षी तो ग्रँड रॅपिड्सला आला. डिसेंबर २०२४ मध्ये बफेलोत सामना सुरू असताना त्याला डेट्रॉईटसाठी बदली म्हणून उतरवलं. शूटआउटपर्यंत गेलेला तो सामना त्याने जिंकून दिला, आणि पुन्हा ग्रँड रॅपिड्सची वाट धरली.

डेट्रॉईटला ही सवय जुनी आहे. केन हॉलंड व्यवस्थापक असताना तिथलं धोरणच होतं की खेळाडूला खाली जरा जास्तच पिकू द्यायचं. गोली जिमी हॉवर्ड २००३ च्या ड्राफ्टमधला. विद्यापीठातून आल्यावर तो चार मोसम ग्रिफिन्सकडे होता. २००९-१० मध्ये पंचविशी गाठल्यावर त्याला डेट्रॉईटचं मुख्य स्थान मिळालं आणि २०२० पर्यंत तो तिथे टिकला. २०१३ मध्ये ग्रिफिन्सनी काल्डर कप जिंकला, त्या चमूतले गुस्ताव न्यूक्विस्ट, टोमास तातार, पेत्र म्राझेक पुढे वर गेले. प्रशिक्षक जेफ ब्लॅशिलही २०१५ मध्ये डेट्रॉईटचे मुख्य प्रशिक्षक झाले. या पद्धतीवर टीकाही झाली. सोन्यासारखी वर्षं खाली जातात, असं म्हणणारे होते. आणि लुकास रेमंडसारखा एखादा स्वीडनमधून येऊन ग्रँड रॅपिड्सला न थांबता थेट डेट्रॉईटच्या संघात बसतो, तेव्हा त्या टीकेत तथ्य वाटतं. पण रेमंड हा अपवाद आहे.

माग काढण्यातली मजा यातच आहे. मुख्य संघात काय घडलं ते सगळ्यांना दिसतं. खालच्या लीगमध्ये पुढचं काय घडू शकेल ते दिसतं, तेही बघणाऱ्याला. नुसते गोल मोजून ते कळत नाही. वीस वर्षांच्या मुलाचे २० गुण आणि सव्वीस वर्षांच्या खेळाडूचे २० गुण यांत जमीन-अस्मानाचा फरक. बचावपटूचं तर आकड्यांत फारसं उमटतच नाही. प्रशिक्षक कुणाला एका गोलच्या आघाडीवर शेवटच्या मिनिटाला उतरवतात, शिक्षेमुळे एक गडी कमी असताना कुणावर भरवसा ठेवतात, हे पाहायचं. अशा वेळी ज्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं, त्याला वरून बोलावणं येण्याची शक्यता जास्त.

तेव्हा आजी, पुढच्या फोनवर नातवाला ‘कोण जिंकलं?’ असं विचारू नका. ‘शेवटच्या दोन मिनिटांत कोण होतं बर्फावर?’ असं विचारा. आणि सांगताना तो अर्धा तास थांबला नाही, तर त्याला थांबवू नका.